पोचलो

५००

“बाई, माझं पान मेलंय.”

“कोण बोलतंय?”

“हळदणकर. आजऱ्याहून. शनिवारपर्यंत चांगलं जिवंत होतं. काय केलंत तुम्ही?”

शनिवारी मी जुना सर्व्हर बंद केला होता आणि त्याच्यावरच्या सगळ्या वेबसाइट नव्यावर हलवल्या होत्या. साखर कारखान्याची, दोन कॉलेजांची, एका मंगल कार्यालयाची, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची. सगळ्या चालत होत्या. हळदणकर हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

“काका, पानाचा पत्ता सांगा.”

त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितला. मी तो टाकला. पांढऱ्या पडद्यावर काळा आकडा आला. पाचशे.

पाचशे म्हणजे सर्व्हर सांगतो, माझ्या आत काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते मात्र सांगत नाही.

“दिसलं?”

“दिसलं. तुमची स्क्रिप्ट चालत नाहीये.”

“तो माझा दोष नाही. दिवाळीपासून मी त्यात काडीचा बदल केलेला नाही. जन्म टेलिफोन खात्यात गेला माझा. गिऱ्हाइकाच्या घरात फॉल्ट नसला की तो एक्स्चेंजमध्ये असतो. एक्स्चेंज तुम्ही.”

“बघते आणि फोन करते.”

“मी इथेच बसलोय,” ते म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवला नाही. मीच ठेवला.


मिरज. सतारमेकर गल्ली. खाली तंबोऱ्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. एका खोलीत मशिनं आणि त्यांच्यासाठी एसी. दुसऱ्या खोलीत मी आणि पंखा. मालक मगदूम सर दिवसभर गिऱ्हाइकं शोधत सांगली-इचलकरंजी फिरायचे. दुपारभर खाली कुणीतरी एकच तार लावत बसलेलं असायचं. तार लागायची, उतरायची, पुन्हा लागायची. मिरजेत माझ्याशी सगळ्यात जास्त बोलली ती ही तार.

माझं गाव उदगीर. रविवारी भावाकडे फोन करायचे. जेवलीस का? जेवले. बरं मग.

माझ्या खुर्चीचा डावा हात मोडलेला होता आणि त्याला काळी टेप गुंडाळलेली होती. टेप माझ्या आधीची.


पुन्हा ५००

स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली सूचनांची फाइल. कुणी पान मागितलं की सर्व्हर ती चालवतो आणि जे तयार होईल ते पाठवतो. चालत नसली तर तपासायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. फाइलला चालण्याची परवानगी आहे का? आहे. ती ज्या भाषेत लिहिली आहे ती भाषा मशिनवर आहे का? आहे, पर्ल, जुनी पण आहे. ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे तर नाहीत? नाहीत. म्हाताऱ्यानं सगळं नीट केलं होतं.

मग मी फाइल उघडली.

पहिली ओळ:

॥ श्री ॥

मी एकटीच खोलीत मोठ्यानं हसले. मशिनाकडे बघून हसले.

पर्लच्या फाइलची पहिली ओळ मशिनसाठी असते. ही फाइल वाचायला कुणाकडे द्यायची, ते तिच्यात लिहिलेलं असतं. सुरुवातीला दोन खुणा, पुढे पत्ता. त्या खुणांच्या आधी रिकामी जागासुद्धा चालत नाही. हळदणकरांनी ती ओळ लिहिली होती, अगदी बरोबर लिहिली होती. पण श्रीच्या खाली. मशिनानं श्री वाचलं, त्याला काही कळलं नाही, आणि त्यानं हात वर केले.

“काका, सापडलं. पहिली ओळ काढा.”

“कुठली?”

“श्री.”

“ती राहू दे. दुसरं काय आहे ते बघा.”

“दुसरं काही नाही. तेवढंच आहे.”

“बाई, मी रजेचा अर्ज लिहिला तरी वर श्री लिहिलं. फॉल्टच्या कार्डावर लिहिलं. साहेब हसायचे, लिहिलं. ती ओळ तिथे पहिल्या दिवसापासून आहे. त्या दिवसापासून पान चालतंय.”

“चालणं शक्यच नाही.”

“शक्य नाही?” त्यांचा आवाज चढला. “मग इतकी वर्षं बटण कोण दाबत होतं?”


४०३

चारशे तीन म्हणजे, जे मागताय ते आहे, पण देणार नाही.

त्या दुपारी हळदणकरांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी फोन ठेवला नाही एवढंच.

मुलगा निरंजन. जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. त्याचं पहिल्यांदा जहाजावर जायचं ठरलं तेव्हा त्याच्या आईचा डोळ्याला डोळा लागेना. हळदणकर नुकतेच रिटायर झाले होते. मुलाचं एक पुस्तक घरात पडलं होतं, त्यावरून ते पर्ल शिकले आणि त्यांनी हे पान केलं. त्यावर एकच बटण. पोचलो. जहाज बंदराला लागलं की निरंजननं सायबर कॅफेत जायचं, पान उघडायचं, बंदराचं नाव टाकून बटण दाबायचं. इकडे आजऱ्यात त्याच्या आईला, कुमुदताईंना, खाली नवी ओळ दिसायची. तारीख, गाव, पोचलो. अक्षरं मोठी ठेवली होती, त्यांना कमी दिसायचं म्हणून.

“चिठ्ठी नाही, फोन नाही. बटण. तिला तेवढं पुरायचं. मग ती गेली.”

“अरेरे.”

“दहाव्याला नदीवर गेलो. हिरण्यकेशीवर. न्हावी बसलाय, भटजी बसलेत, सगळा गाव बसलाय. आणि हा म्हणतो, बाबा, आईसाठी मी रडेन, पण हे करणार नाही. माझा यावर विश्वास नाही. चारचौघांत! मी म्हटलं, मग माझ्यासाठीही करू नकोस. घरी येऊ नकोस.”

“मग?”

“आला नाही. मी सांगितलेलं पहिल्यांदाच ऐकलं त्यानं.”

खाली तार तुटली. कुणीतरी शिवी दिली.

“आणि महिन्यानं बघतो तर पानावर ओळ. सिंगापूर, पोचलो. बोलत नाही, लिहीत नाही, पण बंदर आलं की दाबतो. मी बघतो. आमचं एवढंच चाललंय.”

“आत्ता कुठे आहे तो?”

“तेच तर! एडनच्या आखातातून जायचा होता. पेपर वाचता ना? चाचे जहाजंच्या जहाजं पळवतायत. आतापर्यंत पलीकडे लागायला हवा. आणि तुमचं पाचशे आलंय.”

“कंपनीला विचारा की.”

“कोण म्हणून विचारू? त्यानं घरचं माणूस म्हणून कुणाचं नाव दिलंय, मला ठाऊक नाही.”

“काका,” मी म्हटलं, “मग काढा ना ती ओळ. आत्ता. एका मिनिटात पान चालू होईल.”

“नाही.”

“मुलासाठी.”

“त्याच्यावरूनच तर सगळं झालं! देव नको, धर्म नको. आता त्याची ओळ दिसावी म्हणून मी श्री पुसू? मग नदीवर मी कशासाठी ओरडलो?”

मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली.

“इतकी वर्षं चाललं,” ते शांत झाले. “ते कसं चाललं, तेवढं शोधा. फॉल्ट तुमच्याकडे आहे.”


मगदूम सर संध्याकाळी आले तेव्हा मी फाइल उघडून बसले होते.

“अगं, तूच काढून टाक की ती ओळ. म्हाताऱ्याला काय कळतंय?”

“कळेल, सर. ते फाइल उघडून बघतात.”

“मग बस देव देव करत.” ते हसले. “जुनं डबडं भंगारात द्यायचंय, लक्षात आहे न्हवं?”

जुनं डबडं मोरीच्या बाहेर पोत्यावर पडलं होतं. सर गेल्यावर मी ते उचलून टेबलावर आणलं, वायरी लावल्या. ते खोकल्यासारखा आवाज करत चालू झालं. मी हळदणकरांचं पान त्याच्यावर मागितलं.

चाललं. श्रीसकट चाललं. बटण आलं, खाली मोठ्या अक्षरांत बंदरांची नावं आली.

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. म्हणजे शक्य नसलेलं इथे रोज घडत होतं.

मी त्या मशिनाच्या सगळ्या सेटिंग चाळल्या. शेकडो ओळी. बाकी फोल्डरांना जे नियम होते, तेच सगळीकडे होते. फक्त एका फोल्डरासाठी कुणीतरी निराळी वाट काढली होती. हळदणकरांच्या. त्या फोल्डरातली फाइल मशिनानं स्वतः उघडायची नाही. ती पर्लच्या हातात द्यायची, आणि देताना एक अक्षर जोडायचं.

x

मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. पर्लचं मदतीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, फाइलच्या सुरुवातीला कचरा असेल तर तो ओलांडावा, आणि खरी पहिली ओळ सापडेल तिथून वाचायला लागावं.

कचरा हा शब्द मदतीच्या पानावरचा. ज्यानं ते अक्षर जोडलं, त्याचा नव्हे.

मी सरांना फोन लावला. “सर, जुना सर्व्हर कुणी लावला होता?”

“कोण ते... निऱ्या. तुझ्या आधीच्याच्या आधीचा. जहाजावर गेला नंतर. हुशार पोरगं, पण बसायचा ढंग नाही. तुझ्या त्या खुर्चीचा हात त्यानंच मोडलाय.”

“पूर्ण नाव काय, सर?”

ते मला कळलंच होतं. तरी विचारलं.


४०४

चारशे चार म्हणजे, असं काही इथे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट डोक्यात आली. ती आदल्या दिवशीच यायला हवी होती. सर्व्हर बिघाड सांगत नाही, पण दारावर कोण आलं होतं ते टिपून ठेवतो. दार उघडलं नाही तरीही.

नव्या सर्व्हरवरची नोंद काढली. हळदणकरांच्या पानावर आलेले, गेल्या शनिवारपासूनचे. बहुतेक आजऱ्याचे, ते स्वतः. त्यांच्या मधे एक परका पत्ता होता. तो कुठला ते शोधलं.

सलाला, ओमान. पान मागितलं. ५००.
सलाला, ओमान. पान मागितलं. ५००.
सलाला, ओमान. पान मागितलं. ५००.
सलाला, ओमान. पान मागितलं. ५००.
आजरा. पान मागितलं. ५००.
सलाला, ओमान. पान मागितलं. ५००.

दोघं एकाच वेळी एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होते. मधे मी बसवलेलं मशिन.

मी फोन उचलला.

“काका, तो पोचलाय.”

“पान चालू झालं?”

“नाही. पान बंदच आहे. पण तो येऊन गेला. सलालाहून. नोंद आहे.”

“सलाला,” ते म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि बसल्याचा. “म्हणजे पलीकडे लागला.”

“लागला.”

“दाबलं त्यानं?”

“बटण त्याला दिसलंच नाही. पान उघडायचा प्रयत्न करत होता. पुन्हा पुन्हा.”

“पुन्हा पुन्हा?”

“हो.”

“एकदा बघून गेला नाही?”

“नाही, काका. बराच वेळ थांबला होता. काल परत आला.”

खाली तार लागत होती.

“आणि ते सापडलं का,” त्यांनी शेवटी विचारलं, “इतकी वर्षं कसं चाललं?”

मी सांगितलं. श्री मशिनाला कळत नव्हतं. पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं. पण जुन्या सर्व्हरवर कुणीतरी फक्त तुमच्यासाठी एक अक्षर घालून ठेवलं होतं, ज्यामुळे मशिन ती ओळ न अडखळता ओलांडायचं.

“कुणी?”

“तेव्हा इथे निरंजन होते.”

“मला म्हणाला होता,” हळदणकर हळू बोलत होते, “बाबा, एका झटक्यात चाललं की तुमचं. मी किती दिवस गावभर सांगत फिरलो. पहिल्या झटक्यात चाललं म्हणून.”

मी खुर्चीच्या टेपचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

“हसला असेल.”

“मीसुद्धा हसले होते, काका. काल.”

“तुम्ही हसलात आणि मला काढायला सांगितलंत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. फॉल्ट सापडला की माणूस बोलतो तसं ते बोलले. “तो हसला आणि त्यानं एक्स्चेंज बदललं.”

“मी पण तेच करते आता. एका मिनिटाचं काम आहे.”

“थांबा.”

मी थांबले.

“करू नका. मी बघतो.”

त्यांनी फोन ठेवला. त्यांनी आधी फोन ठेवल्याची ही पहिली वेळ.


२००

दोनशे म्हणजे सगळं ठीक. हा आकडा पडद्यावर कधी दिसत नाही. ठीक असलं की आकडा कशाला दाखवायचा.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी पान उघडलं आणि ते उघडलं. बटण. पोचलो. खाली बंदरं. मी आत जाऊन फाइल बघितली. पहिली ओळ मशिनसाठी होती. तिच्या वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं. मी सगळी फाइल शेवटपर्यंत बघितली. कुठेतरी कोपऱ्यात ठेवलं असेल असं वाटलं. ठेवलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं काम झालं होतं.

फोन वाजला. लांबचा आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न.

“मगदूम सर आहेत का?”

“बाहेर गेलेत. मी वृंदा शेटे. सर्व्हर मी बघते.”

“अच्छा. मॅडम, नवा सर्व्हर लावलात वाटतं. त्यावर हळदणकर म्हणून एक फोल्डर असेल, त्याला—”

“एक्स द्यायचं राहिलं.”



“तुम्हाला कसं माहीत?”

“जुनं मशिन उघडून बघितलं.”

“बरं झालं. प्लीज तेवढं घाला. आणि त्यांना पहिली ओळ काढायला सांगू नका. ते काढणार नाहीत, उगाच त्रास करून घेतील.”

“निरंजन,” मी म्हटलं. खरं तर म्हणायला हवं होतं साहेब, किंवा सर. “आता गरज नाही. त्यांनी काढली.”

“काय काढली?”

“श्री. आज दुपारी.”

“कुणी, तुम्ही काढलीत?”

“त्यांनीच.”

“शक्य नाही.”

“फाइल माझ्यासमोर उघडी आहे.”

तो घाईघाईनं म्हणाला, “त्यांना काय झालंय?”

“काही नाही.”

“मॅडम, खरं सांगा. ते आजारी आहेत का? दवाखान्यात आहेत? बाबा श्री काढणार नाहीत. तुम्हाला माहीत नाही. आईच्या औषधाच्या बाटलीवर लिहायचे ते. त्यांना काहीतरी झालंय.”

“आवाजावरून तरी ठणठणीत वाटले.”

“आवाजावरून!”

“मग मला काय विचारताय?” मी जरा जोरातच बोलले. “मी त्यांना कधी बघितलेलं नाही. आजऱ्याचा नंबर बदललेला नाही.”

पैसे संपल्यासारखा फोन बंद झाला. किंवा त्यानं ठेवला.


मी हळदणकरांचं पान उघडून बसले. आता ओळ येईल. सलाला, पोचलो. पान ताजं केलं. नाही. खाली चहाला गेले, परत आले. नाही. तंबोरा लागला होता, दुकानात कुणी तो छेडून बघत होतं, चारही तारा एकात एक मिसळत होत्या. पुन्हा ताजं केलं. शेवटची ओळ आधीच्या बंदराचीच.

मला वाटलं, पान परत बिघडलं. सगळं तपासलं. बिघडलं नव्हतं. दारावर आज सलालाहून कुणी आलंच नव्हतं.

मला वाटलं, मी जास्त बोलले.

आता हळदणकर वाट बघत असतील. श्री गेलं आणि ओळही आली नाही. त्यांना काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, तरी आजऱ्याला फोन लावला.

एंगेज.

थोड्या वेळानं लावला. एंगेज.

मगदूम सर आले, चावी टेबलावर ठेवून गेले. “बंद कर गं तू आज,” म्हणाले. मी पुन्हा लावला. एंगेज. एकदा वाटलं, रिसीव्हर नीट ठेवला नसेल त्यांनी. पण टेलिफोन खात्यातला माणूस. रिसीव्हर नीटच ठेवणार.

मग कळलं.

मी पान बंद केलं.

त्या पानावर पुढे कधीच ओळ आली नाही. हळदणकरांचा फोनही कधी आला नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. मी मिरज सोडली तेव्हा खुर्चीवर टेप तशीच होती. आता मी पुण्यात असते आणि जी मशिनं सांभाळते ती कुठल्या देशात आहेत तेही मला दिसत नाही. कुणाचं काही अडलं तर ते फोन करत नाहीत, तक्रारीचा क्रमांक पाठवतात.

पण त्या संध्याकाळी दुकान खाली बंद झालं, तारा थांबल्या, आणि मी आजऱ्याला अजून एकदा नंबर लावला. टूं, टूं, टूं. पलीकडे कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं, आणि अजून बोलत होतं. मी टेपवर कोपर टेकून तो आवाज ऐकत राहिले.

फोन मी ठेवला नाही.